मेंदी, नीळ आणि लोखंडी कढई

मेंदीचं ताजं पान चुरगळून पांढऱ्या कागदावर घासलं तर कागद हिरवट होतो, लाल होत नाही. देठ मोडून पाहा, पान उजेडात धरून पाहा, लाल रंगाचा ठिपकासुद्धा सापडणार नाही. निळीच्या झुडपाचंही तसंच आहे. त्याची पानं चारचौघा झुडपांसारखी हिरवी असतात आणि ज्या निळ्या रंगापायी बंगाल-बिहारातल्या शेतकऱ्यांनी एवढं सोसलं तो रंग त्या पानांत डोळ्यांना कुठेच दिसत नाही.

केस रंगवणाऱ्या वनस्पतींबद्दल जे काही समजून घ्यायचं, ते इथूनच सुरू होतं. रंग पानात तयार भरून ठेवलेला नसतो. पान भिजलं, आंबट भेटलं, हवा लागली की तो घडतो, आणि त्याचं शेवटचं घडणं केसावरच होतं. डब्यातला तयार रंग ब्रशने फासायचा, या सवयीने मेंदीकडे पाहिलं की माणूस फसतो. मग कोणी पावडर कालवून पाच मिनिटांत डोक्याला थापतं आणि रंग चढला नाही म्हणतं. कोणी नीळ रात्रभर भिजवून ठेवतं आणि सकाळी वाया गेलेला लगदा केसांना लावतं. दोघांचीही पावडर चांगली असू शकते. चुकलेली असते ती वेळ.

आधी मेंदी. वाळलेल्या पानात रंगाचा कच्चा माल साखरेच्या रेणूला बांधलेला असतो. पान पाण्यात भिजलं आणि थोडं आंबट मिळालं की ही गाठ सुटते, साखर वेगळी होते आणि उरलेला भाग हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावून लॉसोन नावाचं नारिंगी द्रव्य बनतो. मेंदीचं शास्त्रीय नाव लॉसोनिया इनर्मिस, त्यावरून हे नाव पडलं. वाळलेल्या पानात लॉसोनचं प्रमाण फार थोडं असतं. शंभर ग्रॅम चांगल्या पावडरीतून साधारण एक ते दोन ग्रॅम. एवढ्याशा द्रव्यावर सगळा खेळ चालतो, म्हणून पान कुठलं, कधी तोडलं, कसं वाळवलं याला महत्त्व येतं. राजस्थानात पाली जिल्ह्यातल्या सोजतची मेंदी नावाजलेली आहे आणि 2021 मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. तिथला पाऊस कमी, ऊन कडक, जमीन कोरडवाहू. एकदा लावलेलं झुडूप वर्षानुवर्षं पीक देत राहतं, आणि कापून शेतात पडलेल्या मेंदीवर अवेळी पाऊस आला तर पानांचा रंग जातो.

लॉसोन केसाला चिकटतं कसं, हेही पाहण्यासारखं आहे. केस म्हणजे केराटिन नावाचं प्रथिन. बाहेरच्या बाजूला घराच्या कौलांसारखे एकावर एक चढवलेले पारदर्शक खवले, आत लांब तंतूंचा गाभा. काळा रंग देणारं मेलॅनिन या गाभ्यात असतं आणि पांढऱ्या केसात ते उरलेलं नसतं. लॉसोनचा रेणू लहान आहे. तो खवल्यांमध्ये आणि गाभ्याच्या बाहेरच्या थरात शिरतो आणि केराटिनमधल्या नत्रयुक्त गटांशी रासायनिक बंध जोडतो. बंध जोडला गेला की शाम्पूने धुऊन तो सुटत नाही. मेंदीचा रंग फिका पडण्यापेक्षा केस वाढून मुळाशी पांढरा पट्टा दिसणं हेच आधी घडतं, कारण केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतो.

याच गुणातून मेंदीच्या दोन मर्यादा येतात. एक म्हणजे ती मेलॅनिन काढून टाकत नाही, त्यामुळे काळ्या केसाला ती उजळ करू शकत नाही. काळ्या केसावर तिची झाक फक्त उन्हात दिसते. दुसरी मर्यादा सगळ्यांच्या ओळखीची आहे. पांढऱ्या केसावर तिला झाकणारं काही नसतं, म्हणून तो नारिंगी होतो. पहिल्या दिवशी तर फारच भडक. दोन-तीन दिवस हवा लागली की तो विटकरीकडे उतरतो. लाल डोकं बघून घाबरून दुसऱ्याच दिवशी दुसरा काही रंग लावायला धावणाऱ्यांनी एवढे दोन दिवस थांबावं, असं मी आवर्जून सांगेन.

मेंदी कालवताना आपल्याकडे तिच्यात काय काय जातं! दही, अंडं, खोबरेल, मेथीची पूड, जास्वंदीच्या फुलांचा लगदा. केस मऊ व्हावेत म्हणून हे घालतात, ते समजण्यासारखं आहे. पण रंगासाठी यातलं काहीच उपयोगी नाही आणि अंडं-दही तर आड येतं. लॉसोनला प्रथिनाची ओढ असते आणि अंड्यातही प्रथिनच असतं. केसाला मिळायचा रंग काही अंशी वाटीतच खर्ची पडतो. तेल केसावर थर धरतं आणि रंगाला वाट देत नाही. रंग हवा असेल तर वस्त्रगाळ पावडर, पाणी आणि थोडा लिंबाचा रस पुरे. झाकून रात्रभर ठेवावं. उन्हाळ्यात पाच-सहा तासांतही काम होतं. लगद्याचा वरचा थर तपकिरी आणि आतला हिरवा दिसू लागला की रंग सुटला असं समजावं. खात्री करायची तर लगद्याचा ठिपका तळहातावर पाच मिनिटं ठेवून पुसावा. खाली नारिंगी डाग उमटला पाहिजे. मग स्वच्छ धुतलेल्या, तेल नसलेल्या केसांना लावून तीन-चार तास ठेवावा.

आता लोखंडी कढई. चहाचं पाणी, आवळकाठी, कात, मेंदी असं सगळं कढईत कालवून रात्रभर ठेवायची रीत महाराष्ट्रात अनेक घरांत आहे, आणि ती निव्वळ समजूत नाही. चहा, आवळा, कात, हिरडा यांत टॅनिन असतात. आंबटपणामुळे कढईचं लोखंड थोडं थोडं विरघळतं, टॅनिनशी जोडलं जातं, आणि हवा लागली की काळपट, पाण्यात न विरघळणारं संयुग तयार होतं. युरोपात शतकानुशतकं दस्तऐवज ज्या शाईने लिहिले गेले तिचा काळा रंग याच संयोगाचा. कलमकारीचं कापड आधी हिरड्याच्या पाण्यातून काढतात आणि मग गंजलेलं लोखंड गुळाच्या पाण्यात आंबवून केलेल्या द्रवाने रेघ ओढतात, तेव्हा ती रेघ कापडावर काळी होते, तीही यामुळेच. हिरडा आपल्याला परका नाही. भीमाशंकरच्या परिसरात जुन्नर, आंबेगाव, खेड तालुक्यांतली आदिवासी कुटुंबं, विशेषतः महादेव कोळी, बाळहिरडा गोळा करून वाळवून विकतात. औषधाला जातो तसाच तो रंगकामाला आणि चामडं कमावायलाही जात आला आहे.

लोखंड आणि टॅनिनची ही जोडी केसांसाठी किती जुनी आहे याचा लेखी पुरावा वराहमिहिराने ठेवला आहे. सहाव्या शतकातल्या त्याच्या बृहत्संहितेत गंधयुक्ती नावाचा अध्याय आहे. सुगंधी द्रव्यांवरच्या या अध्यायाच्या आरंभीच केस काळे करायची कृती येते. लोखंडी भांड्यात आंबट द्रवात कोद्रा शिजवायचा, त्यात लोहचूर्ण घालून बारीक वाटायचं, डोक्याला लावून ओल्या पानांनी बांधायचं. दोन प्रहरांनी तो लेप काढून आवळ्याचा लेप लावायचा आणि पुन्हा पानं बांधून तेवढाच वेळ बसायचं. त्यानंतर लोखंडाचा आणि आंबटाचा वास घालवण्यासाठी सुगंधी द्रव्यांनी डोकं धुवायचं. आजच्या रसायनशास्त्राने ही कृती वाचली की तिचा क्रम किती बिनचूक आहे हे लक्षात येतं. आधी विरघळलेलं लोखंड केसात मुरवायचं, मग त्यावर टॅनिन आणायचं. दोन्ही आधीच एकत्र केली असती तर काळं संयुग भांड्यात तयार होऊन खाली बसलं असतं आणि केसात शिरलं नसतं. वराहमिहिराला लोहाचे आयन ठाऊक असण्याचं कारण नाही, पण ज्यांच्याकडून ही कृती त्याच्यापर्यंत आली त्यांनी केसांवर पुष्कळ प्रयोग करून पाहिले असणार. बारा तास डोकं बांधून बसायची तयारी असलेले लोक तेव्हाही होते, हेही त्यातून कळतं.

घरातल्या कढईत मात्र एवढं नेमकं काही होत नाही. सगळं एकत्रच कालवल्यामुळे काळं संयुग बरंचसं लगद्यातच तयार होतं, त्यामुळे केस काळे न होता मेंदीचा नारिंगी रंग गडद तपकिरीकडे झुकतो. ज्यांना तेवढंच हवं आहे त्यांच्यासाठी कढई उत्तम. काळ्याची अपेक्षा धरून कढई घासत बसणाऱ्यांच्या पदरी निराशा येते.

काळ्यासाठी नीळ लागते. इराणच्या हमामांत पूर्वापार हेच करत आले, आधी मेंदी आणि मग निळीचं पान. तमिळनाडूत निळीच्या झाडाला अवुरी म्हणतात आणि केसांसाठी तिचं पान घराघरांत माहीत आहे. तिंडिवनमच्या बाजूला निळीची शेती आजही होते.

निळीचं रसायन मेंदीपेक्षा अधिक चपळ आहे. पानात इंडिकन नावाचं रंगहीन द्रव्य असतं, तेही साखरेला बांधलेलं. पान ओलं झालं की पानातलंच एक विकर साखर तोडून टाकतं आणि इंडॉक्सिल मोकळं होतं. इंडॉक्सिल लहान असतं, पाण्यात विरघळतं, केसात शिरू शकतं. हवा लागताच त्याचे दोन रेणू जोडले जाऊन निळा इंडिगो बनतो. हा इंडिगो पाण्यात अजिबात विरघळत नाही. तो केसाच्या आत बनला तर आतच अडकून राहतो आणि वाटीत बनला तर त्याचा केसाला काही उपयोग नाही.

बंगालच्या नीळकोठ्यांत मोठाल्या हौदांत नेमकं हेच चालायचं. वरच्या हौदात पाला भिजत टाकायचा, पाणी खालच्या हौदात सोडायचं आणि मजुरांनी कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून ते झोडपायचं, म्हणजे हवा मिसळून निळा गाळ खाली बसेल. त्या गाळाच्या वड्या युरोपात जात. 1859-60 मध्ये बंगालच्या शेतकऱ्यांनी निळीविरुद्ध उठाव केला, चंपारणमध्ये बिघ्यामागे तीन कठ्ठे नीळ लावायची सक्ती 1917 पर्यंत चालली आणि गांधीजी तिथे गेले, हा इतिहास शाळेत सगळे शिकतात. दरम्यान 1897 मध्ये जर्मनीच्या बीएएसएफ कंपनीने कृत्रिम नीळ बाजारात आणली आणि शेतातल्या निळीचा कणा मोडला. केसांच्या बाबतीत मात्र कारखान्याची नीळ कुचकामी ठरते, आणि कोठीतली वडीही. कारण दोन्हींत इंडिगो तयार होऊन बसलेला असतो. केसासाठी घडायचा बाकी असलेला रंग लागतो, आणि तो फक्त सावलीत झटपट वाळवलेल्या हिरव्या पानात असतो. म्हणून चांगली नीळ पावडर हिरवी दिसते, ताज्या मटारच्या रंगाकडे झुकणारी. निळी दिसणारी पावडर घेऊ नये. पांढऱ्या कपड्यांना घालायची नीळ तर वेगळीच वस्तू आहे. केसांशी तिचा संबंध नाही.

हे समजलं की कृती पाठ करावी लागत नाही. पावडर कोमट पाण्यात कालवायची. उकळत्या पाण्याने विकर मरतं. लिंबू घालायचं नाही. दहा-पंधरा मिनिटं झाकून ठेवायची. या वेळात वाटीकडे लक्ष ठेवावं. हिरव्या लगद्याच्या पृष्ठभागावर निळसर, किंचित चकाकणारी साय धरू लागते आणि ओल्या पालेभाजीसारखा उग्र वास येतो. साय दिसली की लगेच लावायला घ्यायचं, अर्ध्या तासात लावून संपवायचं. म्हणून नीळ एकदम सगळी न भिजवता दोन हप्त्यांत भिजवणं सोयीचं. मेंदी लावून धुतलेल्या ओल्या केसांवर हा लेप जाड थापून वर प्लास्टिकची टोपी घालावी, म्हणजे तो वाळत नाही. दीड-दोन तासांनी नुसत्या पाण्याने धुवावं. धुतल्या धुतल्या केस हिरवट-काळे दिसतात. घाबरू नये. पुढच्या दोन दिवसांत हवेने राहिलेलं इंडॉक्सिलही निळं होतं, खालच्या विटकरी मेंदीवर निळा बसतो आणि डोळ्यांना काळा दिसतो. या दोन दिवसांत शाम्पू टाळावा. मेंदी न लावता पांढऱ्या केसावर नुसती नीळ लावली तर केस निळसर-जांभळे दिसायचा धोका असतो. दोन्ही एकत्र कालवून एकदाच लावली तर तपकिरी रंग येतो. दर महिन्याला अख्खा दिवस देणं ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी मला हाच मार्ग व्यवहार्य वाटतो.

बाकीच्या वनस्पतींबद्दल थोडक्यात. अक्रोडाच्या हिरव्या सालीतलं जुग्लोन लॉसोनचं जवळचं भावंड आहे आणि तपकिरी रंग देतं. बीट, गाजर, कॉफी यांचा रंग एक-दोन धुण्यांत निघून जातो. माक्याचं पान हातावर चोळलं की हात काळा होतो हे खरं, पण माक्याचं तेल लावून पांढरा केस काळा होत नाही. डोक्यावर दिसणारा केस मृत असतो. त्यात मेलॅनिन परत भरायची सोय कुठल्याही तेलात नाही. तेलाने केसाला तकाकी येते, आणि ती हवीशीच आहे. तिच्या नावाखाली काळेपणा विकणं मात्र चूक.

याहून मोठी चूक बाजारात रोज चालते. काळी मेंदी नावाची कुठलीही वनस्पती नाही. जी पावडर अर्ध्या तासात केस काळेभोर करते, जो कोन हातावर तासाभरात काळी नक्षी उठवतो, त्यात बहुधा पॅरा-फेनिलीनडायअमाइन, म्हणजे पीपीडी असतं. पावडरीत त्याच्या जोडीला बेरियम पेरॉक्साइड असतं, आणि मेंदीचं पान नावापुरतं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून पीपीडी हा कृत्रिम केसरंगांचा पाया आहे. पॅरिसमध्ये 1907 च्या सुमारास यूजीन श्युलेरने असे रंग बनवून केशकर्तनालयांना विकायला सुरुवात केली आणि त्यातूनच पुढे लॉरियल कंपनी उभी राहिली. पीपीडीचा लहान रेणू केसाच्या गाभ्यात जातो, पेरॉक्साइडने तिथे जोडला जाऊन मोठा होतो आणि बाहेर येऊ शकत नाही. रसायन म्हणून हे चलाख आहे, आणि लाखो लोक ते विनातक्रार वापरतात. पण काहींच्या शरीराला त्याची अ‍ॅलर्जी जडते. पहिल्या दोन-चार वेळा काहीच होत नाही. मग एकदा रंग लावल्यावर दिवसा-दोन दिवसांनी कपाळ, कान, डोळ्यांभोवतालची कातडी सुजते, पाझरते. एकदा जडलेली ही अ‍ॅलर्जी सहसा आयुष्यभर राहते. युरोपीय संघात केसांच्या रंगात पीपीडी डोक्यावर दोन टक्क्यांपेक्षा जास्त असू नये असा नियम आहे आणि थेट कातडीवर ते लावायला परवानगीच नाही. जत्रेत किंवा लग्नात लहान मुलीच्या हातावर काळा कोन काढून घेतला, तर पुढे मोठेपणी तिला केस रंगवायला बसल्यावर त्याची किंमत मोजावी लागू शकते. मला यात सगळ्यांत जास्त राग येतो तो याचा, की विश्वासाने मेंदी म्हणून जे विकत घेतलं जातं ते मेंदी नसतं. आणि असली पावडर चुकून पोटात गेली तर घसा सुजून श्वास कोंडतो, स्नायू आणि मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. घरात ती मुलांच्या हाती लागणार नाही अशीच ठेवायला हवी.

ओळखायला एक सोपी खूण आहे. पीपीडी असलेल्या केसरंगावर आपल्याकडच्या कायद्याने इशारा छापावा लागतो: वापरण्यापूर्वी चाचणी घ्यावी, भुवया आणि पापण्यांना लावू नये, अंधत्व येऊ शकतं. पाकिटावर समोर मेंदीचं पान आणि मागे बारीक अक्षरात हा इशारा असेल, तर आत काय आहे ते कळलंच. सुटी, नावगाव नसलेली पावडर मला कोणी दिली तरी मी लावणार नाही.

निसर्गातलं ते निर्धोक, असं मात्र मानू नये. तान्ह्या बाळाच्या डोक्याला किंवा पायाला मेंदी लावायची पद्धत काही घरांत आहे. ज्या बाळात जी-सिक्स-पीडी या विकराची जन्मजात कमतरता असते त्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी लॉसोनमुळे फुटू शकतात आणि बाळ गंभीर आजारी पडू शकतं. आपल्याकडे पारशी समाजात आणि काही आदिवासी जमातींत ही कमतरता तुलनेने जास्त आढळते. बाळांना मेंदी लावूच नये. सुकी पावडर नाका-तोंडात जाणंही दम्याच्या माणसाला त्रासाचं ठरतं. दुसऱ्या बाजूने, रासायनिक रंगांची भीतीही प्रमाणात ठेवावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2010 मध्ये केशकर्तनालयात रोज रंग हाताळणाऱ्यांच्या व्यवसायाला बहुधा कर्करोगजनक ठरवलं; घरी वापरणाऱ्यांबाबत मात्र निष्कर्ष काढण्याइतका पुरावा नाही, असं तिचं म्हणणं होतं. सलूनमध्ये दिवसभर हातमोज्याशिवाय काम करणाऱ्या मुलामुलींची काळजी आपण स्वतःच्या केसांइतकी तरी करायला हवी.

ज्यांना पहिल्यांदाच मेंदी-नीळ लावायची आहे त्यांनी आठ-पंधरा दिवस आधीपासून कंगव्यात येणारे पांढरे केस टाकू नयेत. त्यांची बोटाएवढी जुडी दोऱ्याने बांधावी, शाम्पूने धुवावी, आणि घरी आणलेल्या पावडरीने आधी तिच्यावर सगळी कृती करून पाहावी. मेंदी किती तास ठेवली आणि नीळ किती मिनिटं भिजवली ते कागदावर लिहून ठेवावं, आणि जुडी दोन दिवस उजेडात ठेवून रंग बघावा. कानामागे थोडा लेप लावून दोन दिवस वाट पाहिली की कातडीचंही कळतं. आधी सलूनमधला रंग लावलेले केस असतील तर ही जुडी त्याच केसांची हवी. धातूंचे क्षार मिसळलेली मेंदी आणि पेरॉक्साइड एकत्र आली की केस तापून तुटू शकतात, आणि ते डोक्यावर कळण्यापेक्षा जुडीवर कळलेलं बरं.